पाहुणीसमोर

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी रविवार होता, आणि मी डोंबिवलीला, कोपर गावातल्या आमच्या घरी होते. लक्षात ठेवावं असं त्या दिवसात काही नव्हतं. आईने कोलंबीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. वरच्या मजल्यावर माझा भाऊ जयेश आणि त्याची बायको प्राप्ती दुसऱ्या दिवशी गाडी किती वाजता काढायची यावरून वाद घालत होते. सोमवारी टिटवाळ्याला हळद होती, मामाच्या मुलीची, समृद्धीची. आम्हा आगऱ्यांत लग्नाला एखादा माणूस आला नाही तर चालतं. हळदीला आला नाही तर वर्षभर बोलणी खावी लागतात. बाबा जाणार नव्हते. दगदग नको असं ठरलं होतं, आणि त्यांनी ते कुरकुर न करता मान्य केलं होतं.

जेवायला बसण्याआधी बाबा आतल्या खोलीत गेले आणि शर्ट घालून आले. बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

"बाबा, एवढं उकडतंय, शर्ट कशाला? घरातच आहेस ना?"

त्यांनी नुसती डोळ्यांनी कोपऱ्याकडे खूण केली. कोपऱ्यात आस्था उभी होती.

आस्था म्हणजे यंत्र. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या खांद्याइतकं उंच, पांढरं, खाली चाकं, वर मागेपुढे वळणारं डोकं आणि त्यात दोन गोल डोळे. पोटाशी एक लहानसा ट्रे, त्यात गोळ्यांचा डबा. वागळे इस्टेटमधल्या ज्या कंपनीत मी काम करते, तिथे ते तयार होतं. हृदयाच्या जुन्या रुग्णांची घरी रोज चौकशी करायची, गोळ्यांची आठवण करायची, काही बिनसलं तर आमच्या नर्सला कळवायचं, एवढं त्याचं काम. बाबांचं हृदय तीन वर्षांपासून कमजोर होतं. कंपनीने चाचणीसाठी जी वीस घरं निवडली, त्यांत मी आमचं घर घातलं होतं.

"जेवलीस का गो?" बाबांनी पहिला घास घेण्याआधी तिला विचारलं.

डोकं त्यांच्याकडे वळलं. "मला जेवण लागत नाही, दामाजीकाका. तुम्ही सावकाश जेवा."

"रोज हाच सांगते," बाबा मला म्हणाले. "पुन्याची वाटते. घरनाच जेवून येते."

"मना कवा इचारलास, जेवलीस का म्हनून?" आई भाकरी थापता थापता म्हणाली. "चालीस वरसा झाली."

"तू काय पावनी हाईस?"

आई हसली. मीही हसले. बाबांच्या वाटीतलं कालवण वेगळं, कमी मिठाचं होतं. त्यांनी ते चाखलं आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, "बाप माजा मिठागरात राबला, आन् मना मीठ बंद." मग मुकाट्याने जेवले. अर्धी भाकरी त्यांनी ठेवली. आईला दुसऱ्या दिवशीच्या तयारीची घाई होती, नाहीतर तिने ती संपवायला लावली असती.

दुपारी जयेशने वरून हाक मारली तेव्हा बाबा जिना चढायला लागले आणि चौथ्या पायरीवर थांबले. मी खालून विचारलं, "दम लागतोय का?"

"नाय गो. भाकरी जास्ती झाली."

मी मान डोलावली. मला खात्री होती, कारण माझ्याकडे आकडा होता. गेले सहा आठवडे बाबांची एकही तक्रार नव्हती.

पाच वाजता मी ठाण्याला माझ्या घरी जायला निघाले. बाबा फाटकापर्यंत आले. पुढच्या रविवारी खेकडे आणून ठेवतो म्हणाले.

*

आस्था आधी टॅबलेटवर होती. गणपतीनंतर मी तो टॅबलेट घरी आणला आणि जानेवारीपर्यंत, चार महिने, तो तिथे होता. आवाज हाच, प्रश्न हेच, आतला प्रोग्रॅमही हाच. फक्त अंग नव्हतं. पडद्यावर एका बाईचा चेहरा यायचा, सकाळी साडेसातला तीन प्रश्न विचारायचा: रात्री दम लागला का, पायांना सूज आहे का, छातीत दुखतं का.

बाबांनी त्या टॅबलेटचा एक दिवसही मान ठेवला नाही. भाकरीच्या टोपलीवर झाकण म्हणून तो ठेवलेला मी स्वतः पाहिला आहे. त्याच्यासमोर ते उघड्या अंगाने बसत, टॉवेल गुंडाळून अंघोळीहून येत, बोलता बोलता त्याला पाठ करून निघून जात. आणि बोलत तरी कसे?

"आली का परत भवानी? हो गो हो, लागला दम. दोन उश्या घेतल्या तरी लागला. लिही. पाय सुजलेत, चप्पल जात नाय. लिही. आन् तीन दिस पोट साफ नाय, तेपन लिही."

हे सगळं मला माहीत आहे कारण हे ऐकणं हेच माझं काम. ठाण्यापासून कल्याणपर्यंतची माणसं जसं बोलतात तसं यंत्राला कळावं, म्हणून आलेली वाक्यं ऐकायची आणि त्यांना अर्थाच्या खुणा लावायच्या. 'धाप भरली', 'छाती धरली', 'जीव वर आला' या सगळ्यांचा अर्थ काय धरायचा ते मी ठरवते. बाबांनी त्या चार महिन्यांत त्रेचाळीस वेळा 'हो' म्हटलं. ते 'हो' आमच्या नर्सकडे, रुचिताकडे जायचं. तिने दोनदा बाबांच्या डॉक्टरांना फोन केला, दोनदा लघवीची गोळी वाढवली गेली, दोनदा सूज उतरली. मग रुचिताचा मला फोन यायचा, मी बाबांना फोन करायची, आणि बाबा म्हणायचे, "तुला कोन बोल्ला? काय नाय झाला मना."

मला हसू यायचं. टॅबलेट मला सांगतो हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते दुसऱ्या सकाळी त्याला सगळं सांगत. नळाखाली भांडं धरावं तसं.

जानेवारीत अंग असलेली आस्था तयार झाली. ती घरोघरी गेली आणि पहिल्याच आठवड्यात आम्ही ऑफिसात चकित झालो. कल्याणच्या एका आजींनी संक्रांतीला तिला हळदीकुंकू लावलं होतं. विठ्ठलवाडीचे एक निवृत्त मास्तर कपडे बदलताना तिचं तोंड भिंतीकडे करत आणि नंतर परत वळवून "सॉरी हं" म्हणत. एका घरात तिच्यासमोर नवराबायको भांडेनासे झाले होते. पडद्याला लोक बटण समजत होते. हिला माणूस समजत होते, आणि तिला काही कळत नाही हे माहीत असूनही समजत होते. आमच्या कामात याहून मोठी बातमी नव्हती.

नियम असा होता की पहिले दोन महिने टॅबलेट आणि यंत्र दोन्ही घरात ठेवायची. माझा वरिष्ठ रत्नदीप याने मला वेगळं सांगितलंही होतं. "तुझं स्वतःचं घर आहे म्हणून घाई करू नकोस, दर्शना. दोन्ही राहू दे दोन महिने."

मी पहिल्याच संध्याकाळी टॅबलेट पिशवीत घालून परत नेला. बाबाच म्हणाले होते, "ही आली ना आता, तिला घेऊन जा. डोका खाते." हे मी रत्नदीपला सांगितलं. जे सांगितलं नाही ते हे, की मला आमच्या घराचा निकाल स्वच्छ हवा होता. टॅबलेट राहिला तर कुठलं उत्तर कुणामुळे आलं हे कळत नाही, आणि फेब्रुवारीच्या बैठकीत मला एक सरळ रेघ दाखवायची होती.

रेघ सरळच आली. यंत्र आल्यापासून बाबांनी एकही गोळी चुकवली नाही. एकाही सकाळी प्रश्न टाळला नाही. आणि तक्रारी त्रेचाळीसवरून शून्यावर. मी अहवालात लिहिलं, 'सोबतीमुळे रुग्णाच्या तब्येतीत आणि मनःस्थितीत स्पष्ट सुधारणा.' बैठकीत टाळ्या वाजल्या.

*

सोमवारी दुपारी चार वीसला माझ्या मोबाइलवर सूचना आली. यंत्राने चहाच्या वेळेला तीनदा विचारलं होतं आणि उत्तर आलं नव्हतं. घरचे सगळे टिटवाळ्याला. मी शेजारच्या मारुतीकाकांना फोन लावला. ते बाबांचे लहानपणापासूनचे मित्र, आमच्या घराची एक चावी त्यांच्याकडे असते. ते फोन कानाला लावूनच आत गेले. त्यांनी "दामा" अशी हाक मारली. मग त्यांनी फोन बंद न करता कुठेतरी ठेवला असावा, कारण मला बराच वेळ फक्त आस्थाचा आवाज येत राहिला. "दामाजीकाका, चहाची वेळ झाली." थोडं थांबून, पुन्हा तेच.

डॉक्टर म्हणाले, तीनच्या सुमारास झोपेतच. आई, जयेश, प्राप्ती टिटवाळ्याहून आले तेव्हा आईच्या हातांना, कपाळाला हळद होती. आमच्याकडे आत्याही हळद लावून घेते, नाचते; आई नाचली होती. ती हळद कोरडी झाली होती. कुणीतरी तिला मोरीत नेऊन हात धुतले, पण ती दोन दिवस गेली नाही.

दहा दिवस माणसं येत होती. बाहेरच्या खोलीत दिवा होता, त्याच्या बाजूला आई, आणि कोपऱ्यात आस्था. ती न्यायची कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. तिचं चौकशी करणं मी बंद केलं होतं. फक्त कुणी हललं की तिचं डोकं वळायचं. पहिल्या दिवशी माझ्या एका आत्याने तिच्यावर चादर टाकली. आईने उठून चादर काढली. "असू दे. शेवटाला तीच व्हती त्याच्याजवल," ती म्हणाली. त्यानंतर येणाऱ्या बायका आईला भेटल्यावर तिच्याकडेही एकदा बघून जात. एकीने तिच्यासमोर हात जोडलेले मी पाहिले.

आई प्रत्येकीला एकच गोष्ट सांगायची. आवाज न चढवता, रेशन कार्डावरची नावं वाचावीत तशी. "मी हलदीला गेलती. मी नाचत व्हती आन् त्याचा जीव जात व्हता. मी घरान असते तर मना कललं असता."

आम्ही सगळे म्हणत होतो, तुझा काय दोष, झोपेतच गेले, पुण्यवान होते. जयेश म्हणाला. प्राप्ती म्हणाली. मीही म्हटलं. मी वाचलेल्या पुस्तकांत दुःखाबद्दल पुष्कळ शहाणपणाची वाक्यं आहेत. त्यातलं एकही मला आठवलं नाही, आणि आठवलं असतं तरी आईला चाललं नसतं. तिने ठरवून टाकलं होतं. तेराव्यानंतर तिने प्राप्तीला सांगितलं की यापुढे कुणाच्या लग्नाला, हळदीला, बारशाला तिला बोलवायचं नाही. ती देवळातही जाईनाशी झाली. भाजीवाला दारात आला तरी आतूनच बोलायची.

पंधराव्या दिवशी समृद्धी आली, नवऱ्याला घेऊन. हातातला चुडा तिने ओढणीखाली झाकला होता. आई आतल्या खोलीत होती. प्राप्ती बोलवायला गेली आणि एकटीच परत आली.

"झोपल्यात," प्राप्ती म्हणाली. सगळ्यांना आईची पावलं ऐकू येत होती.

समृद्धीने पाणी घेतलं नाही. निघताना तिने मला फाटकापाशी धरलं. "ताई, माझ्या हळदीमुळे झालं असं वाटतं ना आत्याला?"

"नाही गं, तसं काही नाही."

"मग बाहेर का नाही आली? मला लहानपणी तिने सांभाळलंय. माझ्याकडे बघत पण नाही आता. मी काय केलं, सांग ना." ती रडायला लागली तसा तिचा नवरा पुढे आला, आणि तो मलाच "सॉरी" म्हणाला.

*

दुसऱ्या दिवशी मी कामावर रुजू झाले. दुपारी रत्नदीप माझ्या टेबलापाशी आला आणि बराच वेळ स्टेपलर हातात घेऊन उभा राहिला.

"एक विचारायचं होतं. तू नाही म्हणालीस तरी चालेल. तूच सांगायचीस, काका त्या मशीनशी ज्या मायेनं बोलायचे ना, 'तू कशी हाईस' वगैरे, ते एक मिनिटाचं रेकॉर्डिंग पुढच्या प्रेझेंटेशनमध्ये... म्हणजे घरच्यांची परवानगी लागेल, म्हणून."

मी म्हटलं, आधी मी ऐकते.

मी बाबांच्या यंत्रासोबतच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग कधी ऐकलंच नव्हतं. टॅबलेटच्या वेळी ऐकावं लागायचं, कारण तक्रारी असायच्या आणि वाक्यं अवघड असायची. शून्य तक्रारी असलेलं घर कुणी ऐकत नाही. मी हेडफोन लावून छोट्या खोलीत बसले आणि शेवटच्या सोमवारपासून सुरुवात केली.

"सुप्रभात, दामाजीकाका. रात्री दम लागला का?"

"नाय गो बाय. मस्त झोप लागली."

"पायांना सूज आहे का?"

"नाय."

"छातीत दुखतं का?"

"बरा हाय मी. तू कशी हाईस?"

"मी छान आहे. विचारल्याबद्दल आभार."

हेच रत्नदीपला हवं होतं. मी पुढे जाऊ दिलं. यंत्र खोलीतला आवाज घेत राहतं, पण माणसं आपापसांत बोलतात ते मोजत नाही. नाहीतर मालिकेतल्या प्रत्येक झटक्याला रुचिताचा फोन वाजला असता. नियम बरोबरच आहे. दहा वाजून दहा मिनिटांनी दार वाजलं, आणि मारुतीकाकांचा आवाज आला.

"काय रं दामा, तोंड असा का झालाय?"

"रातभर बसून काढली. आरवा झालो का दम लागतंय." आडवा झालो की. बाबांचा आवाज मी ओळखत होते, पण हा बाबांचा नव्हता. त्यात सगळी हवा होती.

"कवापासून?"

"झाले पंधरा दिस."

"भागीरथीला सांगितलास?" भागीरथी म्हणजे आई.

"वर हाय ती, तयारी करते. भाचीची हलद, वरसभर वाट बघते. सांगितला तर जाल का ती? जाऊ दे. ती आली का उद्या दाखवू डाक्टरला."

"मग हिला तरी सांग. इचारते ना तुला रोज."

"हलू बोल. ती ऐकल."

"ऐकल तर ऐकल. मशीन हाय रं ती."

"मशीन असली म्हनून काय झाला? पोरीची जात. आपल्या घरान आलीय, तिला कशाला घोर? आन् लगेच सांगल दर्शनाला. ती तिकरना धावत येल."

मग दोघं हळू बोलले, इतकं की मला काही कळलं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज. मारुतीकाका हसले. बाबा गेल्यावर ते दहा दिवस रोज येऊन आमच्या ओट्यावर बसत होते आणि एकही शब्द बोलले नव्हते. आता मला त्याचं कारण कळलं.

मी मागचं ऐकत गेले. तीन आठवड्यांपूर्वीची सकाळ, चार आठवड्यांपूर्वीची. प्रश्नाआधी शर्टची बटणं लावताना होणारी धाप ऐकू येत होती. ती धाप शांत होईपर्यंत बाबा थांबत, आणि मग म्हणत, "हां, इचार." आणि मग, "बरा हाय मी."

आमच्याकडे माहेरी आलेल्या लेकीला दुखणं सांगत नाहीत. तिच्या पानात मोठा मासा वाढतात, शेजाऱ्यांकडची भांडणं हसून सांगतात, आणि ती रिक्षात बसून गेली की मग पाय धरून खाली बसतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी त्याच घरातली लेक आहे. वीस वर्षं मला फोनवर 'बरा हाय' हेच ऐकवलं गेलं होतं आणि मी ते खरं धरत नव्हते, म्हणूनच तर टॅबलेट आणला होता. त्याच्यासमोर त्यांना लाज नव्हती, कारण तिथे कुणी नव्हतं. मग मी त्या जागी आणखी एक लेक आणून उभी केली, आणि ते खोटं बोलायला लागल्यावर त्याला सुधारणा म्हटलं.

मी रुचिताकडे गेले आणि तिला ते रेकॉर्डिंग ऐकवलं. तिने दोनदा ऐकलं.

"मला खरं सांग," मी म्हटलं.

"खरं मला पण माहीत नाही गं. दोनदा गोळी वाढवून उतरलं होतं. तिसऱ्यांदा उतरलंच असतं, असं नाही कुणी लिहून देणार." तिने हेडफोन काढून ठेवला. "पण मी फोन केला असता. पंधरा दिवस आडवं होता येत नाही म्हटल्यावर मी त्याच दिवशी ॲडमिट करायला लावलं असतं."

रत्नदीपला मी परवानगी नाकारली आणि माझ्या अहवालातलं 'सुधारणा' हे वाक्य परत घेतलं. वीसपैकी सतरा घरं अजून चालू होती. त्या सगळ्या घरांत त्याच आठवड्यात टॅबलेट परत गेले. का, हे रत्नदीपने विचारलं नाही. फक्त म्हणाला, "मी सांगितलं होतं म्हणून नाही म्हणत, पण..." आणि वाक्य सोडून दिलं. ते वाक्य त्याने पूर्ण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

*

शनिवारी मी कोपरला गेले. गाडीत मी मनात पुष्कळ वाक्यं जुळवली. सगळी बरोबर होती, आणि सगळ्यांत मी थोडी थोडी सुटत होते. बाबांनीच टॅबलेट न्यायला सांगितलं. नियम सगळ्यांचेच चुकले. कुणालाच माहीत नव्हतं. प्रत्येक वाक्य खरं होतं.

एक सोपा मार्गही होता. आईला एवढंच सांगायचं की बाबांनीच तुला कळू दिलं नाही, तू जावंस अशी त्यांची इच्छा होती. तिचं ओझं हलकं झालं असतं आणि माझं कुणाला दिसलंही नसतं. पण मग आई विचारणार, पंधरा दिवस तो कुणाला काहीच बोलला नाही, तर तुझं ते मशीन काय करत होतं? आणि तिने विचारलं नाही तरी ती मारुतीकाकांना विचारेल, आणि मग दोष त्या म्हाताऱ्यावर जाईल.

आई स्वयंपाकघरात वाल सोलत बसली होती. मोड आलेले वाल पाण्यातून काढायचे, बोटांत दाबायचे, साल एकीकडे, दाणा एकीकडे. मी समोर बसले आणि सोलायला लागले. वर प्राप्तीचा मिक्सर चालू होता. तो थांबेपर्यंत मी थांबले.

"समृद्धी जाताना फाटकापाशी बोलली माझ्याशी," मी म्हटलं.

आईने पुढचा वाल बोटांत दाबला.

"ती रडत होती. तिला वाटतं, तिच्या हळदीमुळे झालं म्हणून तू तिच्याशी बोलत नाहीस."

"तिचा काय चुकलंय? माजाच चुकलंय. मी तिचा तोंड बघितला का मना त्यो दिवस दिसते. मी घरान असते—"

"तू घरात होतीस, आई. पंधरा दिवस होतीस. तुला कळलं नाही, कारण त्यांनी कळू दिलं नाही."

तिचा हात थांबला. मी तिला रेकॉर्डिंगबद्दल सांगितलं. बाबा मारुतीकाकांना काय म्हणाले ते, शब्द न बदलता. 'वरसभर वाट बघते, जाऊ दे' हेही. तिने ते पुन्हा म्हणायला लावलं. मी पुन्हा म्हटलं. मग तिने ओले हात पदराला पुसले.

"मग मारुती भावजी का नाय बोलले?"

"बाबांनीच त्यांना बोलू दिलं नाही. त्यांना काही बोलू नकोस. दहाव्याच्या दिवशी ओट्यावरून उठताना ते तीनदा परत खाली बसले."

"आन् ती?" आईने मानेनेच बाहेरच्या खोलीकडे दाखवलं. "ती रोज इचारायची. आदी त्या पाटीला तर सगला सांगायचा. मी ऐकलंय. पोटाचापन सांगायचा. मग हिला का नाय सांगला?"

गाडीत जुळवलेली सगळी वाक्यं इथे तयार होती. मी हातातला वाल ताटात ठेवला.

"कारण हिच्यासमोर त्यांना लाज वाटायची. त्या पाटीसमोर नाही वाटायची. आणि ती पाटी मी नेली, आई. दोन्ही ठेवायची असा नियम होता. मला साहेबाने वेगळं सांगितलं होतं, दोन्ही ठेव म्हणून. मी पहिल्याच दिवशी नेली, कारण मला ऑफिसात दाखवायचं होतं की माझ्या मशीनमुळे माझा बाप बरा झाला. ती इथे असती तर बाबांनी तिला सांगितलं असतं आणि त्याच दिवशी आपण त्यांना दवाखान्यात नेलं असतं. तू हळदीला गेलीस म्हणून नाही गेले ते. चूक तुझी नाही. माझी आहे."